वाचकांचे प्रश्न : अर्जुन, अश्वत्थामा आणि बटाटे

गेल्या अंकात पांडवलेण्यांविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो. पांडवांची नावे मागाहून चिकटलेली ठिकाणे नाशिकलाच आहेत असे नव्हे, इंडोनेशियातील जावा बेटावरच्या दिएंग कुलोन नावाच्या खेड्यातही ती आहेत, असे ते वाक्य होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचा सारा स्तंभ त्या खेड्यालाच द्यावा लागत आहे. काही वर्षांपूर्वी मी तेथे ऑगस्ट महिन्यात पाच दिवस राहिलो होतो. उत्तरांत जेथे पाहिलेले सांगतो ते त्या मुक्कामातले आहे.

प्रश्न : हे गाव नकाशावर शोधताना माझा गोंधळ झाला. एका ठिकाणी ते बंजारनगारा जिल्ह्यात दाखवले आहे, तर दुसऱ्या ठिकाणी वोनोसोबो जिल्ह्यात. गाव नेमके कोठे आहे आणि तेथे जायचे कसे? (एक निवृत्त शिक्षिका, पंचवटी)

आपल्या दोन्ही नकाशांत चूक नाही. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतात तशी तेथे दिएंग नावाची दोन गावे एकमेकांना खेटून आहेत. जावानीज भाषेत ‘कुलोन’ म्हणजे पश्चिम आणि ‘वेतान’ म्हणजे पूर्व. दिएंग कुलोन बंजारनगारा जिल्ह्याच्या बातुर तालुक्यात मोडते, तर दिएंग वेतान वोनोसोबो जिल्ह्याच्या केजाजार तालुक्यात. वस्ती सलग असल्यामुळे चहाच्या दुकानातून उठून समोरच्या टपरीवर गेलेल्या माणसाने जिल्हा ओलांडला हे त्याच्या गावीही नसते. जुनी देवळे पश्चिमेच्या वाट्याला आली आहेत आणि गंधकामुळे रंग पालटणारे ‘तलागा वार्ना’ हे तळे पूर्वेच्या.

ही दोन्ही गावे मध्य जावामधील एका जुन्या ज्वालामुखी पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० ते २,१०० मीटर उंचीवर वसली आहेत. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. तेव्हा महाराष्ट्राच्या सर्वांत उंच टोकावर उभे राहून आणखी चारशे मीटर वर पाहिले की तेथे या गावाची ओसरी येईल. पाठीशी ‘प्राउ’ म्हणजे होडी या नावाचा अडीच हजार मीटरहून उंच डोंगर आहे, आणि पालथ्या होडीसारखी त्याची लांबलचक पाठ पाहिली की नाव कोणी का दिले हे विचारावे लागत नाही. जवळच सेम्बुंगान नावाचे आणखी उंचावरचे खेडे आहे. जावामधील सर्वांत उंच गाव म्हणून तेथील लोक त्याची ओळख करून देतात, आणि त्याच्या वरच्या सिकुनिर टेकडीवर सूर्योदय पाहण्यासाठी पहाटे तीनपासून माणसांची रांग लागते.

जाण्यासाठी विमानाने योग्यकार्ता गाठावे, तेथून मागेलांग आणि तेमांगगुंगमार्गे रस्त्याने वोनोसोबोला यावे आणि पुढचा सुमारे २५ किलोमीटरचा घाट लहान बसने चढावा. सोबत जाड स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे न्यावेत. मला ज्या प्रवासी कंपनीने पाठवले तिच्या माणसाने विषुववृत्ताजवळच्या देशात स्वेटर कशाला, असे हसून सांगितले होते. त्या हसण्याची किंमत मी पहिल्याच रात्री, अंगावर दोन सारोंग गुंडाळून आणि मालकीणबाईंच्या कोळशाच्या शेगडीजवळ बसून मोजली.

प्रश्न : तेथील देवळांना अर्जुन, भीम, घटोत्कच अशी नावे आहेत म्हणे. मग पांडव अज्ञातवासात जावाला गेले होते असे मानायचे का? आणि देवळे खरोखर कोणी बांधली? (इतिहासाचा विद्यार्थी, नाशिकरोड)

पांडव तेथे गेले असे मानण्याची गरज नाही, पण पांडवांच्या कथा तेथे फार लांबून आणि फार खोलवर गेल्या आहेत, हे मात्र मानलेच पाहिजे. दिएंगच्या पठारावर आज लहान आकाराची आठ दगडी देवळे उभी आहेत : अर्जुन, सेमार, श्रीकांदी, पुंतदेव, सेंबद्रा, गतोतकाचा, द्वारावती आणि बीमा. ती साधारण सातव्या ते नवव्या शतकांच्या दरम्यानची, म्हणजे जावामधील आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या देवळांपैकी आहेत, आणि मुळात ती शंकराची आहेत. ती बांधणाऱ्यांनी त्यांना काय नाव दिले होते ते काळाच्या ओघात पुसले गेले. आजची नावे पुष्कळ नंतरच्या काळातील गावकऱ्यांनी ठेवलेली आहेत.

हे कशावरून, तर नावांच्या यादीवरूनच. व्यासांच्या महाभारतात शोधून पाहा, तुम्हाला सेमार सापडणार नाही. तो जावाच्या छायाबाहुल्यांच्या खेळातला, ‘वायांग’मधला, अस्सल स्थानिक माणूस आहे : ढेरपोट्या, विनोदी, पांडवांच्या घरचा नोकर, आणि वेळ आली की सगळ्या देवांना चार शब्द सुनावणारा, कारण तो स्वतःच वेषांतर केलेला देव आहे. श्रीकांदी म्हणजे आपला शिखंडी, परंतु जावामध्ये ती स्त्रीच आहे, उत्तम तिरंदाज आहे आणि चक्क अर्जुनाची बायको आहे. पुंतदेव म्हणजे युधिष्ठिर, सेंबद्रा म्हणजे सुभद्रा. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना या खेळाची कल्पना येईल; फरक इतकाच की जावामध्ये तो रात्रभर चालतो आणि आजही गावोगाव चालतो. महाभारताच्या विराटपर्वाचे जुन्या जावानीज गद्यातील रूप इ. स. ९९६ मधले आहे आणि ‘भारतयुद्ध’ हे तेथील काव्य ११५७ मधले. देवळे त्याही आधी उभी होती. ओस पडलेल्या पठारावर पुढे जी माणसे राहायला आली, त्यांच्या डोक्यात दिवसरात्र वायांगच्या गोष्टी होत्या आणि डोळ्यांसमोर बेवारस देवळे होती. अर्जुनाच्या देवळासमोर एक बुटके, आडवे, लांबट बांधकाम आहे. धन्यासमोर बैठक मारून बसलेला नोकर जसा दिसेल तसे ते दिसते. त्याला सेमार हे नाव ज्याने दिले त्याच्या नजरेला मी मनातल्या मनात दाद दिली.

आपल्या पांडवलेण्यांच्या त्रिरश्मी डोंगरावर याहून वेगळे काय झाले? चोवीस बौद्ध लेणी, त्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख, दहाव्यात नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, दिलेल्या दानांची नोंद. सारे दगडात स्पष्ट कोरलेले. तो मजकूर वाचणारे उरले नाहीत आणि डोंगराला पांडवांचे नाव लागले. जुन्या अक्षरांपेक्षा माहीत असलेली गोष्ट जवळची वाटते, हा माणसाचा स्वभाव जावामध्ये आणि अंबड-पाथर्डीच्या वाटेवर सारखाच आहे. त्यामुळे या नावांना खोटी म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही. ती देवळांचा इतिहास सांगत नसली तरी गावाचा सांगतात.

देवळांकडे बारकाईने पाहिले तर नाशिकच्या माणसाला परके वाटू नये असे तेथे बरेच आहे. दगड काळसर आहे, ज्वालामुखीतून आलेला अँडेसाइट. आपल्या बेसाल्टचा चुलतभाऊच. दारावर कीर्तिमुखासारखे ‘काला’चे तोंड कोरलेले असते. अर्जुनाच्या देवळाच्या उत्तरेकडील भिंतीत पिंडीवरचे पाणी बाहेर जाण्याची सोय आहे, आणि प्रनाळ उत्तरेलाच असावे हा आपला दंडक पाच हजार किलोमीटरवर पाळलेला पाहून मी त्या भिंतीपाशी जरा जास्त वेळ रेंगाळलो. श्रीकांदीच्या बाहेरील भिंतींवर उत्तरेला विष्णू, पूर्वेला शिव आणि दक्षिणेला ब्रह्मदेव झिजलेल्या अवस्थेत उभे आहेत. बीमाचे देऊळ इतरांपासून दूर, एकटेच आहे. त्याच्या शिखराच्या थरांमधील कोनाड्यांतून माणसांची मस्तके बाहेर डोकावतात, आणि त्याची घडण जावामधील इतर देवळांहून निराळी, ओडिशाकडील जुन्या शिखरांची आठवण करून देणारी आहे. गावातील कैलासा संग्रहालयात एक मूर्ती आहे, तिच्यासाठी तरी वेळ काढावा : शंकर नंदीवर बसला आहे, पण नंदीला शरीर माणसाचे आणि तोंड बैलाचे, आणि शंकर त्याच्या खांद्यांवर, जत्रेत बापाच्या खांद्यावर मूल बसते तसा.

दिएंगमधील तारीख असलेला सर्वांत जुना लेख इ. स. ८०९ चा आहे आणि त्यात वर्ष दिले आहे शके ७३१. आपल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर आजही जो शक मोजला जातो तोच हा शक. गावाच्या नावाचा अर्थही त्या काळातलाच : ‘दि’ म्हणजे स्थान आणि ‘ह्यांग’ म्हणजे देवता, देवांचे ठिकाण.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. देवळांच्या पठारावर पाणी साचते. एकोणिसाव्या शतकात युरोपीय अधिकारी आले तेव्हा देवळे पाण्यात उभी होती आणि ते पाणी काढून द्यावे लागले. पण ही अडचण मूळ बांधणाऱ्यांनाही होती आणि त्यांनी जमिनीखालून पाणी वाहून नेणारे भुयारी गटार खणले होते. गावकरी त्याला म्हणतात ‘गांगसिरान अश्वत्थामा’, अश्वत्थाम्याचे बीळ. वायांगच्या कथेत अश्वत्थामा जमिनीखालून भुयार खणून रात्री पांडवांच्या छावणीत शिरतो, म्हणून. दर दिवाळीला अश्वत्थाम्याच्या नावाने नंदुरबारच्या अस्तंबा डोंगरावर यात्रा जाते. बिचाऱ्याला आपण शिखरावर बसवले आणि जावाच्या लोकांनी गटारात, पण विसरले कोणीच नाही.

प्रश्न : तेथे बटाट्याच्या पिकावर हिमकण पडतात असे ऐकले. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ हे कसे? आमच्याकडे थंडीच्या लाटेत द्राक्षमणी तडकतात, तेव्हा आम्ही बागेत शेकोट्या करतो. तेथील शेतकरी काय करतात? (एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका)

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला ही बातमी ज्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे, त्यांना हे उत्तर पटकन कळेल. दिएंग विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे सात अंशांवर आहे, त्यामुळे तेथील कोरडा आणि थंड काळ जून ते ऑगस्टमध्ये येतो, आपल्याकडे पाऊस धो धो कोसळत असताना. त्या दिवसांत ऑस्ट्रेलियाकडून कोरडे वारे येतात, आकाशात ढगाचा ठिपका नसतो, आणि अशा निवांत, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली ऊब भराभर आकाशात सोडून देते. त्यात दिएंगचे पठार म्हणजे चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेली परात आहे. थंड हवा जड असते. ती उतारावरून घरंगळत येऊन परातीच्या तळाशी साचते. पहाटे पारा शून्याखाली जातो आणि दव पानावरच गोठते. तुमच्याकडेही सखल भागातील बागेला फटका जास्त आणि चढावरच्या बागेला कमी बसतो, त्याचे कारण हेच.

जावानीज शेतकरी याला ‘एंबुन उपास’ म्हणतात. एंबुन म्हणजे दव, उपास म्हणजे विष. विषारी दव! मी ते एका पहाटे पाहिले. अर्जुनाच्या देवळापुढचे गवत पिठूळ पांढरे झाले होते, पाऊल टाकले की कुरकुर वाजत होते, आणि शहरातून आलेली तरुण मुले बर्फ, बर्फ म्हणून ओरडत फोटो काढत होती. कुंपणापलीकडे एक गृहस्थ बटाट्याच्या सरीत उकिडवे बसले होते. त्यांनी एक पान बोटांत धरून उजेडाकडे केले. कडेला साखरेसारखे कण होते आणि पान अजून हिरवेच दिसत होते. दुपारी मी पुन्हा तिकडून गेलो, तेव्हा त्याच ओळीतील पाने उकळत्या पाण्यात घातल्यासारखी काळी पडून लोंबत होती. पेशींमधील पाणी गोठून त्या फुटतात आणि ऊन लागले की पान करपल्यासारखे दिसते. नुकसान रात्री होते आणि दिसते सकाळी.

उपाय तुमच्यासारखेच, म्हणजे अपुरे. ऊन वर येण्याआधी पानांवर पाणी मारून बर्फ धुऊन काढायचा, काही जण पिकावर जाळी ताणतात, आणि बरेच जण कोरड्या महिन्यांत सखल तुकड्यावर बटाटा लावायचेच टाळतात. शेकोट्या मला तेथे दिसल्या नाहीत.

बटाट्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आज हे गाव देवांवर नव्हे तर बटाट्यावर चालते. हे पीक वसाहतकाळापासून माहीत असले तरी त्याचा खरा जोर १९८० च्या दशकात वाढला आणि ‘ग्रानोला’ नावाचा मूळचा जर्मन वाण सगळ्या उतारांवर पसरला. पैसा आला, पक्की घरे आली, हजला जाणाऱ्यांची संख्या वाढली. कोंबडीखताच्या गोण्यांनी भरलेले ट्रक घाट चढताना वासावरूनच ओळखू येतात, आणि तुमच्या टमाट्याच्या वावरात असतो तोच काळा-चंदेरी मल्चिंग पेपर तेथे डोंगराच्या माथ्यापर्यंत अंथरलेला दिसतो. मात्र बटाट्याला पाणी साचलेले चालत नाही, कंद सडतो. म्हणून शेतकरी सऱ्या उताराला आडव्या न काढता उताराच्या दिशेने, वरून खाली काढतात. पाणी झरझर निघून जाते आणि सोबत माती घेऊन जाते. ही माती सेरायु नदीत उतरते. या नदीचा एक उगम दिएंगलाच, ‘तुक बीमा लुकार’ नावाच्या झऱ्यात आहे (लुकार म्हणजे वस्त्रे उतरवणे, भीमाने तेथे काय केले याची कथा या स्तंभात छापण्याजोगी नाही). खाली बंजारनगारा शहराजवळ मृचा येथे या नदीवर १९८० च्या दशकाच्या अखेरीस धरण आणि जलविद्युत केंद्र झाले, आणि त्याचा जलाशय या गाळाने भरत चालला आहे. गंगापूर धरणातील गाळावर आपल्याकडे दर उन्हाळ्यात ज्या चर्चा झडतात, त्याच तेथेही झडतात. उताराला आडव्या सऱ्या, बांधावर झाडे, बटाट्याऐवजी दुसरे पीक असे सल्ले अधिकारी देतात. शेतकरी ऐकून घेतो आणि पुढच्या हंगामाला पुन्हा बटाटाच लावतो, कारण नगदी पैसा त्यातच आहे. यात तेथील शेतकऱ्याला दोष द्यायला निदान आपण नाशिककरांनी तरी धजू नये.

प्रश्न : दिएंगमध्ये जटा असलेल्या मुलांना पवित्र मानतात, हे खरे का? आमच्याकडे जट आलेल्या बाईचे काय हाल होतात ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून विचारते. (एक गृहिणी, सिन्नर)

होय, खरे आहे. दिएंग आणि आसपासच्या गावांत काही लहान मुलांच्या केसांत, सहसा जोराचा ताप येऊन गेल्यावर, गुंता होऊन जटा होतात, असे तेथील लोक सांगतात. अशा मुलाला ‘गिंबाल’ म्हणतात आणि या भागाचे आद्य पुरुष मानले गेलेले क्याई कोलोदेते यांचा वारसा त्याच्याकडे आला अशी श्रद्धा आहे. जटा मनाला येईल तेव्हा कापत नाहीत. मूल स्वतःच्या तोंडाने केस काढा म्हणेपर्यंत थांबायचे, आणि त्याच वेळी ते जी वस्तू मागेल ती हुबेहूब द्यायची. कोणी बोकड मागते, कोणी सायकल, कोणी एखादा विशिष्ट खाऊ. मागणी पुरवल्यावर ‘रुवातान’ हा विधी करून केस कापतात आणि वाहत्या पाण्यात किंवा तळ्यात सोडतात. मागणी पुरवली नाही तर जटा पुन्हा येतात आणि मूल आजारी पडते, असा समज आहे. २०१० पासून गावात जो सांस्कृतिक महोत्सव भरतो त्यात हा विधी अर्जुनाच्या देवळाच्या परिसरात सार्वजनिकरीत्या होतो आणि बघ्यांची मोठी गर्दी लोटते.

आपण ज्या जवळिकीने विचारले आहे ती लक्षात घेऊन स्पष्ट लिहितो. आपल्याकडे जट म्हणजे न विंचरता, न धुता राहिलेल्या केसांचा गुंता, त्यावर देवीच्या कोपाचे भय, आणि त्या भयापोटी एखाद्या मुलीचे आयुष्य देवाला वाहून टाकण्यापर्यंत गेलेली रूढी. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी कात्री हातात घेऊन, समजूत घालून किती बायकांना त्या ओझ्यातून सोडवले हे आपल्या जिल्ह्यालाही ठाऊक आहे. दिएंगमध्ये श्रद्धेचा शेवट केस कापण्यात होतो, मुलाला कोठेही वाहिले जात नाही, आणि तोपर्यंत त्याचे लाडच होतात. ताप आलेल्या लेकराला वैद्य आधी की विधी आधी, हा प्रश्न मला तेथेही पडला. तरीही दोन्ही गोष्टी एकाच तागडीत तोलणे मला योग्य वाटत नाही. शब्द एक असला तरी त्याखाली दबलेली माणसे वेगळी आहेत.

प्रश्न : मुलांना घेऊन जाण्याचा विचार आहे, परंतु तेथे विषारी वायूने माणसे मेल्याचे वाचले. धोका कितपत आहे? (एक पालक, इंदिरानगर)

आपण वाचले ते २० फेब्रुवारी १९७९ चे. त्या पहाटे दिएंगच्या पश्चिम भागात सिनिला विवराचा उद्रेक झाला, घाबरलेले गावकरी अंधारात रस्त्याने पळत सुटले, आणि त्याच वाटेवर जमिनीच्या भेगांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून खोलगट भागात साचला होता. १४० हून अधिक माणसे चालता चालता कोसळली. त्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो हवेपेक्षा जड आहे. पडक्या विहिरीत उतरण्याआधी आपली जुनी माणसे दोराला कंदील बांधून खाली सोडत आणि तो विझला तर उतरत नसत. तेच भूत हे. त्याआधी १९५५ च्या एप्रिलमध्ये, बातुर तालुक्यातील लेगेतांग ही वाडी एका रात्रीत डोंगराचा कडा घसरून गाडली गेली आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. माळीण आठवत असेल, त्यांना आणखी सांगायला नको. त्या जागी आज स्मृतिस्तंभ उभा आहे.

पर्यटक जेथे जातात ते सिकिदांग विवर यापेक्षा पुष्कळ निरुपद्रवी आहे. ‘किदांग’ म्हणजे हरीण. उकळत्या चिखलाचे तोंड हरणासारखे जागा बदलत उड्या मारते म्हणून हे नाव पडले. लाकडी पायवाटा केल्या आहेत, गंधकाचा वास नाकात जातो, आणि त्या उष्णतेवर उकडलेली अंडी विकणारेही आहेत. कुंपण आणि पायवाट सोडू नये, खोलगट जागी बसू नये, मुलांचा हात सोडू नये, आणि पश्चिमेकडील विवरे बंद असल्याची पाटी दिसली तर तिच्याशी वाद घालू नये. २०११ मध्ये तिंबांग विवरातून वायू वाढला तेव्हा तेथील हजारावर लोकांना घरे सोडून हलवावे लागले होते. ज्वालामुखीवर लक्ष ठेवणारे सरकारी केंद्र पठारावरच आहे. याच उष्णतेवर ६० मेगावॉटचे भूऔष्णिक वीजकेंद्र चालते. वाफेचे जाडजूड नळ शेतांच्या कडेने जातात आणि रस्ता आला की कमानीसारखे वर उचलून पलीकडे उतरतात. त्या कमानीखालून मोटारसायकलवर कोबी लादून जाणारा माणूस हे दिएंगचे माझ्या मनातले चित्र आहे.

प्रश्न : शाकाहारी माणसाची तेथे सोय होईल का? (कॉलेज रोड)

होईल, थोडी चौकशी करावी लागेल. या भागाचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे ‘मी ओंगक्लोक’ : बांबूच्या लहान टोपलीत नूडल्स, कोबी आणि पातीसारखी एक भाजी घालून ती उकळत्या पाण्यात बुचकळायची आणि वर घट्ट, चिकट रस्सा ओतायचा. दिसायला तो निष्पाप असतो, पण त्या रश्श्यात वाळवलेली कोळंबी असते, म्हणून आधी विचारावे. त्याऐवजी ‘तेंपे केमुल’ निर्धास्त खावे. सोयाबीन आंबवून केलेल्या तेंपेचे पातळ काप हळदीच्या पिठात बुडवून तळतात. केमुल म्हणजे पांघरूण, म्हणजे गोधडी पांघरलेला तेंपे. थंडीत गरम चहाबरोबर आपल्या भज्यांची उणीव तो भरून काढतो. ‘पुर्वाचेंग’ नावाच्या डोंगरी वनस्पतीचा काढाही जागोजागी मिळतो. तो पुरुषांना विशेष आग्रहाने दिला जातो आणि देताना दुकानदार जसा हसतो त्यावरून बाकीचे समजून घ्यावे.

‘कारिका’ मात्र चुकवू नये. ही दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताकडून आलेली, मुठीत मावेल एवढी डोंगरी पपई आहे. चिकामुळे ती आपल्या पपईसारखी कापून खात नाहीत, पाकात शिजवून बाटल्यांत आणि लहान डब्यांत भरतात. घरोघरी बायका ती सोलताना दिसतात आणि गल्लीभर तिचा सुगंध असतो. नाशिकला आणायची असेल तर ती मोठ्या बॅगेत, कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवावी. मी सहा डबे हौसेने हातातल्या पिशवीत घेतले होते, आणि पाक हा द्रवपदार्थ आहे हे मला विमानतळावरील तपासणीच्या टेबलापाशी उभे असताना समजले.